अभिरा आवडली, तिच्या आईचे काय? ‘ये रिश्ता क्या कहलाता है’ची चौथी पिढी

१२ जानेवारी २००९ रोजी स्टार प्लसवर सुरू झालेली ‘ये रिश्ता क्या कहलाता है’ ही मालिका आता चौथ्या पिढीची गोष्ट सांगते आहे, आणि ठाण्यातल्या अनेक मराठी घरांत ती रात्री साडेनऊला अजूनही लागते. ही पिढी नोव्हेंबर २०२३ मध्ये आली. तिचे नायक-नायिका आता रुळले आहेत, मुख्य भूमिकांतले दोन कलाकार बदलून झाले आहेत आणि मध्ये सात वर्षांचा लीपही, म्हणजे कथेने एकदम पुढे घेतलेली उडी, येऊन गेला आहे, त्यामुळे पहिल्या उत्साहाच्या किंवा पहिल्या नाराजीच्या भरात न लिहिता तिच्याविषयी नीट लिहिता येईल इतका काळ गेला आहे. माझे मत आरंभीच सांगते. पहिल्या अक्षरानंतर या मालिकेला मिळालेली सर्वांत चांगली नायिका म्हणजे अभिरा, आणि तिला उभे करण्यासाठी मालिकेने तिच्या आईला ज्या रीतीने संपवले ते मला आजही मान्य नाही.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही किंवा मध्येच सोडून दिली, त्यांच्यासाठी वंशावळ थोडक्यात देते. उदयपूरच्या माहेश्वरी घरातली अक्षरा आणि सिंघानिया घरातला नैतिक यांचे घरच्यांनी ठरवलेले लग्न ही पहिली पिढी. हिना खान आणि करण मेहरा यांनी ती साकारली. त्यांची मुलगी नायरा आणि गोएंका घरातला कार्तिक, म्हणजे शिवांगी जोशी आणि मोहसीन खान, ही दुसरी पिढी, जी २०१६ ते २०२१ या काळात ‘कायरा’ या जोडनावाने ओळखली गेली. ऑक्टोबर २०२१ मध्ये नायराची मुलगी, पणजीच्या नव्हे तर आजीच्याच नावाची अक्षरा, आणि डॉक्टर अभिमन्यू बिर्ला आले; प्रणाली राठोड आणि हर्षद चोपडा यांची ती तिसरी पिढी. या दुसऱ्या अक्षराची मुलगी अभिरा आणि वकिलांच्या पोद्दार घराण्यातला अरमान ही चौथी. राजन शाही यांच्या डिरेक्टर्स कट या संस्थेने आजवर मालिकेचे चार हजारांहून अधिक भाग केले आहेत.

पहिल्या पिढीबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण चौथीचे माप तिथूनच घ्यावे लागते. नोव्हेंबर २००८ मध्ये ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ संपली आणि जेमतेम दोन महिन्यांनी अक्षरा-नैतिकची गोष्ट सुरू झाली. कटकारस्थाने, खून, परत आलेली मृत माणसे आणि भरजरी साड्यांतल्या खलनायिका यांची सवय झालेल्या प्रेक्षकांसमोर ही मालिका एक साधा प्रश्न घेऊन आली: आई-वडिलांनी पसंत केलेल्या, पुरेशी ओळख नसलेल्या माणसाबरोबर एखादी मुलगी प्रेमापर्यंत कशी पोहोचते? त्या काळात आमच्या नौपाड्यातल्या घरी सासूबाई आणि मी ही मालिका एकत्र पाहत असू. सासूबाईंना हिंदी फारसे येत नव्हते, तरी त्यांना काहीच अडले नाही, कारण तिथे घडत होते ते त्यांच्या ओळखीचे होते. पाहण्याचा कार्यक्रम, मुलीच्या आईची धाकधूक, सासरच्या स्वयंपाकघरातला पहिला दिवस, माहेरी फोन करताना आवाज सांभाळणे हे सगळे त्यांनी स्वतः अनुभवलेले होते. लता सभरवाल यांनी केलेली अक्षराची आई राजश्री त्यांना विशेष जवळची वाटे. एकेक प्रसंग आठवडाभर चाले आणि त्याचा कंटाळा येत नसे; घरातल्या गोष्टी खरोखरच तितक्या सावकाश घडतात, हे त्या लेखनाला ठाऊक होते.

मारवाडी घरातले सण-विधी हा त्या संथपणाचाच भाग होता. चैत्र शुद्ध तृतीयेची गणगौर पडद्यावर पाहताना आमच्या इमारतीतल्या मारवाडी काकू तिचे बारकावे सांगत, आणि त्याच दिवशी आपल्याकडे चैत्रगौर बसते म्हणून सासूबाई त्यांना आंब्याची डाळ नि पन्हे देत. दोन्हीकडे गौरच, दोन्हीकडे माहेरपणाला आलेली. पुढे या मालिकेने आणि तिच्यासारख्या इतर मालिकांनी मराठी लग्नाचे रूप किती बदलले, हे ठाण्यातल्या कोणत्याही मंगल कार्यालयात दिसते. पूर्वी ग्रहमख, हळद आणि दुसऱ्या दिवशी मुहूर्तावर अक्षता असे चालत असे. आता मेंदीची वेगळी संध्याकाळ असते, संगीताला नाच बसवणारा शिक्षक असतो आणि हळदीला सगळ्यांचे पिवळे कपडे असतात. याला माझा विरोध नाही. मालिकेची पोच किती खोल आहे एवढेच मला सांगायचे आहे, कारण ज्या गोष्टीची पोच इतकी मोठी असते ती आपल्या बायकांना कसे वागवते, याचाही परिणाम तेवढाच दूरवर जातो.

आता चौथ्या पिढीकडे वळते. तिचा आरंभ उत्तम होता. मसुरीत आईबरोबर वाढलेली, वकिलीचे शिक्षण घेतलेली, पैशांची चणचण माहीत असलेली आणि तरीही मोकळेपणाने हसणारी अभिरा ही मुलगी पहिल्याच आठवड्यात लक्षात राहिली. समृद्धी शुक्ला यांच्या कामाचा यात मोठा वाटा आहे. ‘सावी की सवारी’मध्ये त्यांना पाहिलेल्यांना त्यांची ऊर्जा ठाऊक होती, पण इथे त्यांनी ती आवरून वापरली आहे. त्या आवाजाच्या क्षेत्रातही काम करतात आणि ते त्यांच्या संवादांत ऐकू येते. रडताना वाक्याचा शेवट गिळला जात नाही, रागावताना आवाज फक्त वर चढत नाही, आणि थट्टेचे वाक्य बोलताना मागे दडलेली भीती अलगद कळते. हिंदी मालिकांत रडण्याचे प्रसंग इतके असतात की बहुतेक नायिकांचे रडणे काही महिन्यांत एकसारखे होऊन जाते. अभिराचे तसे झाले नाही. आईच्या आठवणीने ती रडते तेव्हा ते वेगळे असते आणि सासरी अपमान झाल्यावर रडते तेव्हा वेगळे. रोज एक भाग चित्रित होणाऱ्या कामात हा फरक टिकवणे सोपे नाही.

मात्र याच सुरुवातीच्या टप्प्यात तिच्या आईचा, अक्षराचा, मृत्यू झाला. मुलीच्या लग्नाच्या गडबडीत तिला गोळी लागली, मरताना तिने अरमानकडून वचन घेतले आणि त्या वचनापोटी अरमान आणि अभिराचे लग्न झाले. कथेला गती मिळाली, हे खरे आहे. पण या मालिकेतल्या आयांची यादी करून पाहावी. नायरा मोठी झाली आणि त्याच वर्षी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, पहिली अक्षरा अपघातात गेली. जानेवारी २०२१ मध्ये नायरा कड्यावरून पडून गेली. त्यानंतर कार्तिकची दुसरी बायको म्हणून आलेली सीरतही पुढच्या पिढीच्या आरंभी उरली नाही, आणि आरोही व अक्षरा या बहिणींमधले वैर तिच्याच मृत्यूवर उभे केले गेले. नोव्हेंबर २०२३ च्या लीपमध्ये आरोही आणि अभिमन्यू गेले, आणि लगोलग दुसरी अक्षराही. मुलीची गोष्ट सुरू व्हायची असेल तर आईने मरायला हवे, हा या मालिकेचा न लिहिलेला नियम होऊन बसला आहे.

यामागचे व्यावहारिक कारण समजण्यासारखे आहे. मुख्य नायिका केलेल्या अभिनेत्रीला पुढे आईची भूमिका करायची नसते, आणि पडद्यावर ती जिवंत राहिली तर प्रेक्षकांचे लक्ष नव्या जोडीकडे वळत नाही. दर गुरुवारी येणाऱ्या बार्कच्या प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांवर ट्रॅक ठरत असताना निर्मात्याला धोका पत्करणे कठीण जाते. तरीसुद्धा पिढी बदलते म्हणजे नेमके काय होते? मुले मोठी होतात आणि त्याच वेळी मोठी माणसे म्हातारी होतात. दुसरा अर्धा भाग वगळला तर जे उरते ते पिढ्यांची कथा होत नाही. तीच तरुण जोडी पुन्हा नव्या चेहऱ्यांनी सुरू होते. सतरा वर्षे ज्या मालिकेला मिळाली, तिच्याकडे एखादी स्त्री नववधूपासून आजीपर्यंत कशी बदलते हे दाखवण्याची संधी होती. पहिली अक्षरा आज अभिराची पणजी असती. तिच्या हातून सुटलेल्या गोष्टी, तिच्या नैतिकचे निवृत्तीनंतरचे दिवस, नातीच्या घटस्फोटाबद्दल तिचे मत काय असते, हे सगळे पाहायला मला फार आवडले असते.

आणि हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये, कारण याच निर्मात्याने ते करून दाखवले आहे. जुलै २०२० मध्ये याच वाहिनीवर सुरू झालेली ‘अनुपमा’ ही राजन शाही यांचीच मालिका मोठ्या मुलांच्या आईला मध्यभागी ठेवते. बंगालीतल्या ‘श्रीमोयी’वरून आलेले तेच कथानक मराठीत ‘आई कुठे काय करते’ म्हणून डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ चालले, आणि मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती ठाणे-डोंबिवलीच्या लोकलमधल्या महिला डब्यातही चर्चेचा विषय होती. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ इतकी वर्षे रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड यांच्या सासू-सुनेवरच चालली. त्यासाठी कोणाला कड्यावरून ढकलावे लागले नाही. जुलै २०२५ मध्ये ‘क्योंकि’ परत आली तेव्हाही मधोमध स्मृती इराणी यांची तुलसीच होती आणि नवी मुले तिच्या भोवती आली. प्रेक्षक वय वाढलेल्या बाईला नाकारतात, हा समज या सगळ्या उदाहरणांपुढे टिकत नाही.

खुद्द ‘ये रिश्ता’मध्येही याचे एक जिवंत उदाहरण आहे, आणि चौथ्या पिढीतली माझी सर्वांत आवडती गोष्ट तीच आहे. मनीष गोएंका. कार्तिकचे वडील म्हणून २०१६ मध्ये आलेले सचिन त्यागी आजही त्याच भूमिकेत आहेत. मुलगा गेला, सून गेली, नाती गेल्या आणि आता ते अभिरा आणि रुही या दोन पणत्यांचे पणजोबा म्हणून उभे आहेत. आरोहीची मुलगी रुही त्यांच्याच घरात वाढलेली आहे आणि आरोही-अभिमन्यूच्या मृत्यूसाठी अक्षराला दोष देणारी आहे, तर अभिरा त्याच अक्षराची मुलगी. या दोघींच्या मध्ये बसलेल्या म्हाताऱ्याला कोणाचीही बाजू पूर्णपणे घेता येत नाही. सचिन त्यागी यांनी या भूमिकेतला पूर्वीचा अहंकार हळूहळू विरघळवत नेला आहे. सुरुवातीचे मनीष ताठ मानेने बोलत, मुलाशी त्यांचे पटत नसे. आताचे मनीष बोलण्याआधी क्षणभर थांबतात, आणि त्या थांबण्यात मागच्या सगळ्या वर्षांचा प्रेक्षकाला ठाऊक असलेला इतिहास असतो. संवादलेखकाने वेगळे काही लिहायची गरजच पडत नाही. असा इतिहास इतर पात्रांनाही मिळाला असता तर या मालिकेची उंची कितीतरी वाढली असती.

पोद्दार घराविषयी लिहायचे तर दादीसा म्हणजे कावेरी पोद्दार यांच्यापासून सुरुवात करावी लागेल. १९८० च्या दशकातल्या हिंदी चित्रपटांत नायिका म्हणून पाहिलेल्या अनिता राज यांनी ही भूमिका आवेशाने आणि जरबेने केली आहे. घराण्याची प्रतिष्ठा, सुनेने वकिली करण्याला विरोध, नातवावरचा हक्क या सर्वांत त्या ठाम आहेत. त्यांच्या कठोरपणाला कारणे आहेत असे मालिका अधूनमधून सुचवते, परंतु त्या कारणांपाशी फार काळ थांबत नाही, त्यामुळे त्या एका भागात क्रूर आणि दुसऱ्या भागात मायाळू अशा दिसतात. विद्याच्या भूमिकेतल्या श्रुती उल्फत यांचे काम मला जास्त सखोल वाटते. अरमान हा तिच्या नवऱ्याचा मुलगा, तिच्या पोटचा नव्हे. त्याला तिने वाढवले, आणि तरीही पोटचा मुलगा रोहित आणि अरमान यांच्यात निवड करण्याची वेळ आली की तिचे मन कोणत्या बाजूला झुकते हे तिच्या चेहऱ्यावर आधी उमटते. सावत्र आईचे प्रेम खरे असूनही अपुरे पडू शकते, ही अवघड गोष्ट त्यांनी फार प्रामाणिकपणे मांडली आहे.

मार्च २०२४ मध्ये अरमान आणि रुही या दोन्ही भूमिकांतले कलाकार एकदमच बदलले आणि रोहित पुरोहित व गर्विता साधवानी आले. मराठी प्रेक्षकाला रिप्लेसमेंट नवी नाही. गडकरी रंगायतनला एकच नाटक वेगवेगळ्या संचात पाहिलेल्या ठाणेकरांना भूमिका आणि नट वेगळे करून पाहता येतात. तरीही नाटकात नव्या नटाला तालमी मिळतात, आणि मालिकेत आज गेलेल्या चेहऱ्याच्या जागी उद्या दुसरा चेहरा तेच दुःख पुढे नेतो. रोहित पुरोहित यांनी हे आव्हान चांगले पेलले. ‘पोरस’मध्ये सिकंदर केलेल्या या नटाला अरमानचे शब्द कमी आणि घालमेल जास्त असलेले प्रसंग साधले, आणि अभिरासोबतच्या त्यांच्या प्रसंगांत ओढ हळूहळू वाढत गेली. आज मला त्यांच्याखेरीज अरमान डोळ्यांपुढे येत नाही. गर्विता साधवानी यांच्या वाट्याला मात्र अन्यायकारक लेखन आले. रुही ज्याच्यावर प्रेम करते त्याच्याच भावाशी तिचे लग्न झालेले आहे, आणि एकाच छताखाली ते रोज पाहत राहायचे आहे, ही खरोखर दारुण अवस्था आहे. लेखकांनी तिला बहुतेक वेळ मत्सराच्या चौकटीत बसवले.

कायद्याचा विषय हे या पिढीचे सर्वांत मोठे वेगळेपण होते, आणि तिची सर्वांत मोठी वाया गेलेली संधीही तीच आहे. नायक वकील, नायिका वकील, घर वकिलांचे. आमच्या ठाण्यात जिल्हा न्यायालयाच्या परिसरात रोज शेकडो सामान्य माणसे पोटगी, ताबा, भाडेकरार आणि वारसाहक्क यांसाठी ताटकळत असतात. अशा माणसांच्या गोष्टी अभिराच्या टेबलावर आल्या असत्या तर तिचे काम प्रेक्षकांना दिसले असते. काही चांगले खटले आले, हे नाकारत नाही, आणि अभिरा अशिलाची बाजू मांडते ते भाग मला आवडले. पण न्यायालयातला बहुतांश वेळ पोद्दार घराच्याच भांडणांत गेला. घटस्फोट घरातला, मुलाचा ताबा घरातला, आरोप घरातले आणि साक्षीदारही घरातलेच.

त्यातही बाळाच्या अदलाबदलीचा ट्रॅक मला सर्वांत जास्त खटकला. अभिराचे बाळ दगावले आणि रुहीचे बाळ, दक्ष, तिच्या कुशीत ठेवले गेले. घरातल्या पुरुषांनी दोन्ही आयांपासून सत्य लपवले. ज्या माणसाने कायदा शिकला आहे आणि जो बायकोवर जिवापाड प्रेम करतो असे आपल्याला सांगितले जाते, त्याने दुसऱ्या स्त्रीला तिचे मूल गेले असे भासू द्यावे, हे नायकाचे दुबळेपण म्हणून मालिकेने दाखवले असते तर मी त्या लेखनाला मानले असते. तिने ते त्याग म्हणून रंगवले. रुहीने त्या दिवसांत मूल गमावल्याचे जे दुःख भोगले त्याची दखल, सत्य बाहेर आल्यावर उसळलेल्या भांडणात, जवळजवळ बुडून गेली. पुढे अभिरा आई होऊ शकत नाही म्हणून रुहीने तिच्यासाठी गर्भ वाढवण्याचे ठरवले. आपल्या देशात २०२१ चा सरोगसी कायदा आहे. त्यानुसार पैसे घेऊन गर्भाशय देता येत नाही, फक्त निःस्वार्थ सरोगसीला परवानगी आहे, आणि गर्भ वाढवणाऱ्या स्त्रीला स्वतःचे मूल असावे लागते. या कायद्याच्या अटींमधून, वैद्यकीय मंडळाच्या आणि न्यायालयाच्या मंजुरीतून दोन जावा एकत्र जात असताना त्यांच्यात काय बदलते, यावर मालिकेने महिनाभर सावकाश थांबायला हवे होते. पहिल्या पिढीचे लेखक थांबले असते असे मला वाटते. इथे वजन पडले ते रुहीच्या मनात बाळाविषयी निर्माण होणाऱ्या ओढीवर आणि घरच्यांच्या संशयावर.

आणखी एक गोष्ट मला या मालिकेत पुन:पुन्हा दिसते आणि तिच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. इथल्या नायिका डोंगरात मोकळ्या असतात. नायरा आपल्याला मोठी होऊन भेटली ती ऋषिकेशला, घरापासून दूर. दुसरी अक्षरा बिर्ला घर सोडून कसौलीला गेली आणि अभिनवसोबत तिने साधे, कष्टाचे, पण शांत आयुष्य उभे केले. जय सोनी यांनी केलेला हा अभिनव माझ्या मते संपूर्ण मालिकेतला सर्वांत समजूतदार पुरुष होता. अभिरा वाढली मसुरीला. जून २०२५ मधल्या लीपनंतर गोष्ट माउंट अबूला गेली, जिथे अरमान रेडिओवर बोलतो आणि लेकीला वाढवतो. या ठिकाणी घरे लहान असतात, माणसे कमी असतात, पात्रे एकमेकांशी नीट बोलतात. मग काही ना काही कारण घडते, गाडी उदयपूरच्या दिशेने निघते, आणि हवेलीच्या त्या प्रशस्त दिवाणखान्यात पंधरा माणसे अर्धवर्तुळात उभी राहून एका मुलीला जाब विचारू लागतात. मालिकेच्या लेखकांनाही बहुधा त्या डोंगरातल्या घरांविषयी जास्त आपुलकी असावी, कारण त्या भागांचे लेखन नेहमीच अधिक जिवंत असते. कसौलीचे भाग ज्यांनी पाहिले नाहीत त्यांनी ते मुद्दाम पाहावेत.

सात वर्षांच्या लीपनंतरच्या गोष्टीने मला पुन्हा आशा दिली. आईविना वाढलेली मायरा, तिच्यावर जीव लावणारा पण तिच्या आईबद्दल गप्प राहणारा अरमान, त्या मुलीला सांभाळणारी गीतांजली, आणि उदयपूरमध्ये मुलीच्या विरहात कठोर होत गेलेली अभिरा. या वेळी मालिकेत आई जिवंत होती आणि मुलगी तिच्यापासून दूर होती. मायराला आई सापडते आणि ती लगेच तिच्या गळ्यात पडत नाही, रागावते, परकी वागते, वडिलांच्या बाजूने उभी राहते, हे लेखन योग्य होते. मुले तशीच असतात. समृद्धी शुक्ला यांनी या टप्प्यात अभिराचे हसणे जवळजवळ काढून घेतले आणि तिच्या चालण्यातसुद्धा थकवा आणला. गीतांजलीला पुढे ज्या दिशेने नेले ते मात्र मला पटले नाही. एका एकट्या स्त्रीने परक्या मुलीला इतकी वर्षे प्रेमाने सांभाळावे आणि खरी आई परतताच कथेने तिला अडसर ठरवावे, हे अक्षराचे मूल वाढवूनही बाजूला सारल्या गेलेल्या अभिनवला मिळालेल्या वागणुकीचेच दुसरे रूप आहे. ज्याने मूल वाढवले त्याचे काय देणे लागतो, हा प्रश्न ही मालिका उत्तम विचारते आणि उत्तराची वेळ आली की त्या माणसालाच बाजूला करते.

सादरीकरणाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. कोणी काही बोलले की सगळ्यांचे चेहरे तीन-तीनदा दाखवणे अजून सुरू आहे, पार्श्वसंगीत गरजेपेक्षा मोठे आहे, आणि प्रोमोत दाखवलेला प्रसंग कित्येकदा स्वप्न किंवा कल्पना निघतो. गोरेगावच्या चित्रनगरीत उभारलेली पोद्दारांची हवेली देखणी आहे, पण पहिल्या पिढीतल्या घरात स्वयंपाकघर हे महत्त्वाचे ठिकाण होते आणि आताच्या घरात जवळजवळ सगळे दिवाणखान्यात घडते, हा फरक मला जाणवतो.

आमच्या सोसायटीतल्या तरुण मुली ही मालिका टीव्हीवर पाहत नाहीत. ठाण्याहून सीएसएमटीकडे जाणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळाली की मोबाइलवर जिओहॉटस्टारवर कालचा भाग लावतात, आणि अरमान-अभिराचे प्रसंग ठेवून बाकी पुढे ढकलतात. त्यांचे पाहणे चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. पण मनीष गोएंकांचे प्रसंग पुढे ढकलू नयेत, एवढी विनंती मी त्यांना नेहमी करते, कारण नायरा कोण होती हे त्या मुलींना त्यांच्याकडूनच कळते.

ज्यांना ही पिढी आता नव्याने पाहायची असेल त्यांनी नोव्हेंबर २०२३ पासूनचे मसुरीचे भाग आणि अभिरा-अरमानच्या कागदावरच्या लग्नाचे पहिले काही महिने अवश्य पाहावेत, बाळाच्या अदलाबदलीचा काळ धावता पाहिला तरी चालेल, आणि जून २०२५ च्या लीपपासून पुन्हा सलग बसावे. मायरा कधीतरी मोठी होईल, तिचेही लग्न ठरेल, आणि पाचव्या पिढीचा प्रोमो येईल. त्या प्रोमोत मायराच्या शेजारी केस पांढरे होऊ लागलेली अभिरा उभी असावी, आणि लग्न लागून गेल्यावरही ती त्या घरात, स्वतःच्या वकिलीच्या टेबलाशी, रोज साडेनऊला दिसत राहावी, एवढे मी मालिकेच्या लेखकांकडे मागते.